तांब्याने दिलेली साक्ष

नाणेलिलावांच्या सूचीत हल्ली नाण्याच्या नावापुढे एक आकडा छापलेला असतो. मुंबईत होणाऱ्या लिलावांत ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयापुढेही ‘एमएस ६३’ किंवा ‘एमएस ६५’ अशी नोंद आढळते. नाण्याच्या सुस्थितीला दिलेले हे गुण असतात आणि ते जास्तीत जास्त सत्तर. शंभर का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर डॉ. विल्यम हर्बर्ट शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या तांब्याच्या वेडात दडलेले आहे.

ऱ्होड आयलंड प्रांतात १८९८ साली शेल्डन यांचा जन्म झाला. शिकागो विद्यापीठातून त्यांनी मानसशास्त्रातील डॉक्टरेट आणि पुढे वैद्यकाची पदवीही मिळवली. माणसाची शरीरयष्टी आणि त्याचा स्वभाव यांत अतूट नाते आहे, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. स्थूल, पिळदार आणि कृश अशा तीन प्रवृत्ती कल्पून प्रत्येकीला ते एक ते सात गुण देत. १९४० च्या दशकात या सिद्धान्ताने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली. नामांकित विद्यापीठांतील हजारो विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे या अभ्यासासाठी वापरली गेली. त्यावरून पुढे गदारोळ झाला आणि सिद्धान्तही विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. त्यांच्या सहकारी बार्बरा हीथ यांनी तर गुणांकनात फेरफार केल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला.

माणसांना अंकांत बसवणारा हा गृहस्थ तितक्याच तन्मयतेने नाणीही पारखत असे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात शुद्ध तांब्याचा मोठा सेंट पाडला जाई. आरंभीच्या काळात त्याचे ठसे हाताने कोरलेले असत. त्यामुळे एकाच वर्षाच्या नाण्यांतही केसांची बट, पान किंवा अंक यांच्या जागा बदललेल्या दिसतात. पहिल्या वर्षीच्या सेंटवर पंधरा कड्यांची साखळी होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या नाण्यावर साखळी कशाला, अशी टीका झाली आणि छत्तीस हजारांच्या आसपास नाणी पाडल्यावर ते चित्र बदलण्यात आले.

या ठशांची तपशीलवार वर्गवारी करणारा शेल्डन यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. १७९३ ते १८१४ या काळातील सेंटच्या प्रत्येक प्रकाराला त्यांनी क्रमांक दिला. संग्राहक आजही त्याच क्रमांकांनी ही नाणी ओळखतात. सत्तर गुणांची मोजपट्टीही याच ग्रंथातली. नाणे जेमतेम ओळखता येईल इतके झिजलेले असेल तर एक गुण, निर्दोष असेल तर सत्तर. त्या काळच्या बाजारात उत्तम सेंटची किंमत अगदी झिजलेल्या सेंटच्या साधारण सत्तर पट होती, म्हणून सत्तर. मूळ किंमत दोन डॉलर आणि गुण चाळीस असतील, तर नाण्याचे मोल ऐंशी डॉलर, इतका तो सोपा हिशेब होता. किमतीचे हे गणित काही वर्षांतच कोलमडले. मोजपट्टी मात्र जगभर रुजली.

प्रत्येक प्रकारातील ज्ञात असलेल्या सर्वोत्तम नाण्यांची प्रतवारीही त्यांनी मांडली. तांबे हा मोठा संवेदनशील धातू. हवा, ओल, बोटांचा घाम, सारे काही त्यावर उमटते. एकाच ठशातून निघालेली दोन नाणी दीडशे वर्षांनी कधीच सारखी दिसत नाहीत. प्रत्येकाचे ओरखडे, डाग आणि रंगछटा वेगळ्या. म्हणूनच जुन्या लिलावांच्या सूचींतील छायाचित्रांशी ताडून एखादे नाणे कोणाकडून कोणाकडे गेले, याची साखळी जुळवता येते. सर्वोत्तम नाणे कोणते, हे ठरवण्याच्या ओढीतून असा वंशवृक्ष मांडणे हीच संग्राहकांची विद्या बनली.

हीच विद्या अखेर शेल्डन यांच्यावर उलटली. पिट्सबर्गचे उद्योगपती जॉर्ज क्लॅप यांनी आपला सेंटचा अनमोल संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दान केला होता. मान्यवर अभ्यासक म्हणून शेल्डन यांना तो हाताळण्याची मुभा होती. संस्थेच्या खणातले उत्तम नाणे उचलून त्याच प्रकारचे आपल्याजवळचे कमी प्रतीचे नाणे त्यांनी तेथे ठेवले, आणि हे एकदा नव्हे, शंभराहून अधिक वेळा केले. खण भरलेला दिसे, क्रमांक जुळत, नोंदवहीत काही उणे नसे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपला संग्रह कॅलिफोर्नियातील एका संग्राहकाला विकला. त्या खरेदीदाराला यातले काही ठाऊक नव्हते. शेल्डन १९७७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचा लौकिक शाबूत होता.

मग जुनी छायाचित्रे बोलू लागली. क्लॅप यांच्या संग्रहातील म्हणून टिपलेले नाणे संस्थेच्या खणात नव्हते. तोच डाग, तोच ओरखडा असलेले नाणे शेल्डन यांच्या संग्रहातून विकले गेले होते. नव्वदच्या दशकात प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. इतक्या वर्षांनी दावा मुदतबाह्य ठरतो का, हा कळीचा मुद्दा होता. चोरीच्या वस्तूबाबत मुदत मोजायची ती मूळ मालकाला तिचा ठावठिकाणा कळल्यापासून, असा कौल अपील न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पुढे संस्थेचा हक्क मान्य झाला आणि बरीचशी नाणी परतली. शेल्डन यांना मात्र कोणत्याही न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही.

एवढा जाणकार माणूस असे का वागला, याचा उलगडा त्यांच्या कागदपत्रांतून होत नाही. केवळ पैशाचा लोभ म्हणावा, तर ही नाणी त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःजवळ जपली होती. कदाचित उत्तमाची पारख ज्याला आहे, त्याचाच उत्तमावर अधिकार, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे क्रमांक आणि त्यांची मोजपट्टी टाकून देणे आज संग्राहकांना शक्य नाही. म्हणून क्लॅप यांचे परतलेले नाणे पुन्हा आपल्या खणात जाते, तेव्हाही त्याच्या चिठ्ठीवर शेल्डन यांनीच दिलेला क्रमांक असतो, आणि त्याच्या मालकांच्या यादीत मधेच त्यांचे नावही.