पंडिता रमाबाईंची पहाट

वेळ मिळत नाही, ही तक्रार आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत नित्याची आहे. उसाला पाणी धरावयाचे असते, गुरांची वैरण आणावयाची असते, मजुरीवरून परतेपर्यंत दिवे लागतात; मग मुलांस जवळ घेऊन दोन अक्षरे केव्हा शिकवावी? उपदेशक बंधूंचीही गत तीच. दहा घरांची दुःखे वाहता वाहता स्वतःच्या घराकडे पाहण्यास त्यांस सवड उरत नाही. म्हणून वरवंडच्या शेजारीच, केडगाव येथे, ज्यांनी आपले उत्तर आयुष्य वेचले त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही आज ह्याच एका दृष्टीने वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकमताची पर्वा न करता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तोवर शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, आणि मुलीच्या शिक्षणाचा भार आईवर पडला. लक्ष्मीबाईंचा दिवस तर संसाराच्या कामांनी भरलेला. तेव्हा त्या माउलीने काय केले? दिवस उजाडण्यापूर्वीचा वेळ तिने लेकीसाठी राखून ठेवला. झोपेने जड झालेल्या मुलीस ती गोंजारून उठवी, आणि पक्षी जागे होत असता पाठ सुरू होई. कामे आटोपल्यावर शिकवीन असे तिने म्हटले असते, तर ती वेळ कधीच आली नसती. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्या मानाचे मूळ त्या पहाटेच्या पाठांत होते.

तोपर्यंत दुष्काळाने त्यांचे आईबाप व बहीण हिरावून नेली होती. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व तेथे वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत विधवांच्या शिक्षणासाठी साह्य मिळवीत त्या गावोगाव फिरल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले.

मात्र सेवेच्या ह्या धावपळीची किंमतही द्यावी लागली, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. लहानग्या मनोरमेस काही काळ आईपासून दूर, वाँटेजच्या भगिनींजवळ राहावे लागले. ज्या रमाबाईंस आईची पहाट लाभली, त्यांस आपल्या लेकीस ती सदा देता आली नाही. थोर माणसांच्या वाट्यासही दिवस चोवीस तासांचाच येतो. एक काम हाती घेतले की दुसरे कोठेतरी उणे पडते.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतांतून निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाच्या नियमांमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतात त्यांची सोय केली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांचे अन्न, वस्त्र, औषध व शिक्षण एकटीने कसे पाहावे? रमाबाईंनी कामे वाटून दिली. कोणी मागावर बसली, कोणी शेतात गेली, कोणी छापखान्यात खिळे जुळवू लागली. काल ज्या अनाथ म्हणून आल्या, त्या आज दुसऱ्यांस शिकवू लागल्या. मनोरमाबाईही मोठ्या होऊन आईच्या उजव्या हात झाल्या. लहानपणी जी जवळीक हुकली, ती पुढे एका कामाच्या दोन टोकांस उभे राहून मायलेकींनी पुष्कळशी भरून काढली.

कामे अशी सोपविल्यामुळेच रमाबाईंस एका गोष्टीसाठी वेळ राखता आला. पवित्र शास्त्राची तेव्हाची मराठी त्यांच्या साध्याभोळ्या मुलींस अवघड वाटे. म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम पत्करले. पंधरा वर्षांहून अधिक काळ, रोज थोडे थोडे, ते चालले. श्रवणशक्ती मंद झाली, प्रकृती खालावली. पण काम थांबले नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्यांच्या हाती सर्व सोपवावयाचे, त्याच आधी गेल्या. तरी त्या दुःखातही रमाबाईंनी लेखणी खाली ठेविली नाही. भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला, आणि १९२४ साली ते संपूर्ण शास्त्र छापून निघाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

वाचकहो, आपणांपैकी कोणास दोन हजार माणसांचा संसार चालवावयाचा नाही. पण लक्ष्मीबाईंची पहाट प्रत्येक झोपडीत होते. जे अगत्याचे आहे त्यास दिवसाच्या उरल्यासुरल्या वेळेवर टाकू नये. त्याचा वाटा आधी काढून ठेवावा. जे दुसऱ्याच्या हातून होईल ते विश्वासाने त्याच्या हाती द्यावे. आणि उपदेशक बंधूंनो, दहा घरांची काळजी वाहताना अकरावे घर आपलेच आहे, हे विसरू नका. उद्या पहाटे आपल्या लेकरास हळूच उठवून पाटी त्याच्या हाती द्या. कामे मग दिवसभर आहेतच.