दप्तराचे राखणदार : नाना फडणवीस

आपल्या खोपोलीस, बोरघाटाच्या पायथ्याशीं, जो विस्तीर्ण तलाव व महादेवाचें देवालय आहे, तीं दोन्ही नाना फडणवीसांनीं बांधविलीं. नानांचें मूळ नांव बाळाजी जनार्दन भानु. त्यांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्यास झाला. फडणिशी म्हणजे राज्याचें दप्तर राखणें व महालांतून येणारे हिशेब तपासणें. तें काम त्यांच्या घराण्यांत वंशपरंपरेनें चालत आलें होतें.

त्या काळीं पत्राच्या माथ्यावर मुद्रा व शेवटीं मोर्तब होत असे. मोर्तबाखालीं नवा मजकूर घुसडतां येत नसे; परंतु मधलें एखादें अक्षर? १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांना धरण्याच्या हुकुमांत ‘ध’चा ‘मा’ करण्यांत आला, अशी आख्यायिका आहे. पुढें नानांनीं बारभाईंसह तान्ह्या सवाई माधवरावांच्या नांवें राज्य सांभाळिलें. १७८२ सालीं ठरलेल्या सालबाईच्या तहास त्यांनीं कित्येक महिने संमति दिली नाहीं. संमतीचें मोल ते जाणत होते. १८०० सालीं ते पुण्यास निवर्तले.

त्या एका अक्षराचें भय आज निवारतां येतें. ओपनएसएसएल ह्या सर्वांस खुल्या असलेल्या साधनानें संगणकावर किल्ल्यांची जोडी घडवितात. गुप्त किल्लीनें सही करावयाची. जाहीर किल्लीनें ती कोणींहि पडताळावयाची. जाहीर किल्ली कोणाची, हें प्रमाणपत्र सांगतें. मजकुरांतील एक अक्षर पालटलें, तरी सही जुळत नाहीं. मात्र, विद्यार्थ्यांनो, गुप्त किल्ली परक्या हातीं गेली तर सारेंच व्यर्थ! तिच्या रक्षणास नानांसारखी दक्षताच हवी.