क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटगेन

हात मोडला की डॉक्टर पहिल्यांदा एक्स-रे काढायला सांगतात. छातीत किंवा डोक्यात गाठ असल्याचा संशय आला की सीटी स्कॅन करतात. शरीर न कापता आत पाहण्याची ही वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांना एके काळी शाळेने काढून टाकले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

विल्हेल्म राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. पुढे कुटुंब हॉलंडमध्ये गेले. तेथे उत्रेख्त येथील शाळेत कोणीतरी शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. विल्हेल्मने ते काढले नव्हते, पण ठपका त्याच्यावर आला आणि शाळेचे दार बंद झाले. हाती प्रमाणपत्र नाही, म्हणून विद्यापीठात रीतसर प्रवेश नाही.

तो खचला नाही. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश-परीक्षेच्या बळावर दाखला मिळतो असे कळताच १८६५ साली तो तेथे गेला. १८६९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. तरीही त्या जुन्या प्रमाणपत्राअभावी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. पण १८८८ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले!

८ नोव्हेंबर १८९५ ची ती संध्याकाळ. काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडताच दूरचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. किरण अज्ञात, म्हणून नाव ‘क्ष’. कित्येक आठवडे त्यांनी एकट्याने प्रयोग केले. २२ डिसेंबरला पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, तेव्हा हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. तो सर्व मानवजातीचा आहे, अशी त्यांची भावना होती. महायुद्धानंतरच्या भीषण चलनवाढीत ते आर्थिक अडचणीत सापडले. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

साध्या एक्स-रेत हाड ठळक दिसते, पण मऊ भागातील गाठ सहज ओळखू येत नाही. ही उणीव इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी भरून काढली. त्यांच्याकडेही विद्यापीठाची पदवी नव्हती. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून संगणकाने चित्र जुळवायचे, ही त्यांची युक्ती. १९७१ मध्ये लंडनच्या रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूतील गाठ अशा रीतीने दिसली. १९७९ साली त्यांनाही नोबेल मिळाले.

आता ‘रेडिओमिक्स’ ही शाखा आली आहे. गाठीचा आकार, कडा, छटा, पोत अशा शेकडो बाबी संगणक आकड्यांत मोजतो. डोळ्यांना न जाणवणारा फरक त्यातून कळू शकतो आणि गाठ साधी की घातक, याचा अंदाज बांधण्यास डॉक्टरांना मदत होते. अंतिम निर्णयासाठी मात्र बहुधा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो.

पालकहो, मुलाविषयी शाळेतून तक्रार आली तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या. एक दाखला हुकला म्हणून मुलाची किंवा मुलीची शाळा सोडवू नका. दुसरी वाट शोधा. आणि मित्रांनो, एक दार बंद झाले, तर झुरिचला निघालेला तो तरुण आठवा.