बाबासाहेबांचे वाचन : माहितीतून मर्माकडे

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर किती वाचत, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. ते कसे वाचत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आम्ही वर्गात इतिहास शिकवतो. उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना लिहा, असा प्रश्न आला की आमचे विद्यार्थी अडखळतात. कोणी पहिले वाक्य उतरवून काढतो, कोणी सगळ्याच ओळींखाली रेघा ओढतो. अक्षरे वाचली जातात, मर्म निसटते. म्हणून या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र आम्ही या एकाच अंगाने मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेत शिक्षक होते. घरात विद्येचा ध्यास होता. शाळेत मात्र बाल भीमरावांना घरून नेलेल्या तरटावर, इतरांपासून वेगळे बसावे लागे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९१३ साली बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या काळी जातीविषयी माहितीची वाण नव्हती. सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या अभ्यासकांनी जातीच्या व्याख्याही केल्या होत्या. कोणी विटाळावर भर दिला होता, कोणी रोटीबंदीवर, तर कोणी समान नाव आणि वंशपरंपरागत धंद्यावर.

बाबासाहेबांनी या व्याख्या समोर ठेवल्या आणि एकेका लक्षणाची परीक्षा घेतली. विटाळ हे जातीचे खास लक्षण आहे काय? नाही, शुद्धाशुद्धतेची कल्पना पुरोहिती कर्मकांडातून येते आणि ती अन्यत्रही आढळते. रोटीबंदीमुळे जात निर्माण होते काय? नाही, जात आपल्यापुरती बंदिस्त झाल्यावर रोटीबंदी ओघानेच येते. म्हणजे येथे परिणामालाच कारण मानले गेले होते. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली होती : सभासदत्व जन्मानेच मिळते आणि जातीबाहेर विवाह करता येत नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ही दोन लक्षणे नसून एकच आहे. बाहेर विवाह बंद झाला की बाहेरचा माणूस आत येण्याची वाटही बंद होते. एवढी छाननी झाल्यावर एकच गोष्ट उरली : जातीअंतर्गत विवाहाचे बंधन.

येथे त्यांचे वाचन थांबले नाही. हाती आलेल्या कल्पनेने उरलेल्या माहितीचा उलगडा होतो काय, हे त्यांनी तपासले. विवाह जातीतच करायचा, तर स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पती मेला की विधवा आणि पत्नी मेली की विधुर त्या समतोलाबाहेर पडतात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या वरवर सुट्या दिसणाऱ्या क्रूर रूढी मग एका सूत्रात ओवल्या गेल्या. त्या बंदिस्तपणा टिकवण्याचे उपाय होते, हे त्यांनी सिद्ध केले.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हीच रीत शिकवतो. उताऱ्यातील प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारा. हा मुद्दा या विषयाचा खास आहे, की कोठेही लागू पडेल? हे कारण आहे, की परिणाम? आणि हा मुद्दा काढून घेतला, तर बाकीचे मुद्दे उभे राहतील काय? ज्याच्यावाचून बाकीचे ढासळते, तो गाभा.

बाबासाहेबांची ही दृष्टी पुढेही दिसते. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाच्या इतिहासाचा मोठा तपशील आहे. पण त्यांचे लक्ष रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राहण्यावर होते, केवळ विनिमयदरावर नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेही त्या ग्रंथातील विषमतेचे मर्म ओळखूनच. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात त्यांनी परंपरेलाही प्रश्न विचारला. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते काय? बुद्धाच्या नावावरचे कोणते वचन स्वीकारायचे, यासाठी त्यांनी कसोट्या लावल्या : ते बुद्धीला धरून आहे काय, आणि माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे काय?

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवण्याची मनाई होती, त्यांची मुले आज आपल्या वसतिगृहात रात्री दिव्याखाली वाचत बसतात. पण जो मर्म ओळखत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेला अर्थ मानावा लागतो. ग्रंथांचा अर्थ दुसऱ्यांनी सांगायचा आणि आपण तो निमूट ऐकायचा, हे आपल्या समाजाने शतकानुशतके भोगले आहे. परीक्षेतले दोन गुण हा येथे लहान प्रश्न आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत मूल घरी आले की किती पाने वाचलीस, असे विचारू नका. वाचलेस त्यात मुख्य गोष्ट कोणती आणि ती मुख्य कशावरून, असे विचारा. त्याला उत्तर शोधायला वेळ द्या. महामानवाला हेही एक अभिवादन होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!