पायथागोरस : एका तारेवर गणित ऐकणारा माणूस



पायथागोरस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? काटकोन त्रिकोण आणि कर्णाचा वर्ग! पण या माणसाचं नाव संगीताशीही तितकंच घट्ट जोडलेलं आहे. आज त्याची ही बाजू पाहू या.

पायथागोरसचा जन्म इ.स.पू. ५७० च्या सुमारास ग्रीसमधील सामोस बेटावर झाला. चाळिशीच्या आसपास तो बेट सोडून दक्षिण इटलीतील क्रोटन या ग्रीक वसाहतीत गेला. तिथे त्याच्याभोवती शिष्यांचा मोठा समुदाय जमला. साधी राहणी, काटेकोर नियम, गणित आणि संगीत असं त्यांचं जीवन होतं. त्याने स्वतः लिहिलेलं काहीही आज उपलब्ध नाही. जे कळतं ते नंतरच्या लोकांनी लिहिलेलं. म्हणूनच त्याच्या चरित्रात दंतकथा फार.

त्या काळी ग्रीसमध्ये दोन वाद्यं घरोघरी माहीत होती. एक लायर. कासवाच्या पाठीची ढाल, तिच्यावर ताणलेलं कातडं, दोन दांड्या आणि बहुधा सात तारा. या तारा जनावराच्या आतड्याच्या असत. दुसरं ऑलॉस, म्हणजे तोंडात एकदम दोन नळ्या धरून वाजवायचं, पिपाणीसारखं पत्ती असलेलं वाद्य. पायथागोरसला लायर जास्त प्रिय होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. तो लोहाराच्या दुकानावरून जात होता. हातोड्यांचे आवाज एकमेकांशी जुळताना ऐकून तो आत गेला. हातोड्यांची वजनं निघाली १२, ९, ८ आणि ६. म्हणजे दुप्पट वजनाला एक सप्तक! ही गोष्ट निकोमाखस या लेखकाने पायथागोरसनंतर सुमारे ६०० वर्षांनी लिहिली आणि पुढे शतकानुशतके सगळे तीच सांगत राहिले.

मीसुद्धा वर्गात ती रंगवून सांगायचे. एकदा एका मुलीने विचारलं, मॅडम, करून बघायचं का? आम्ही दोन हातोडे आणले, एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट वजनाचा. लोखंडावर मारून पाहिले. सप्तक वगैरे काही नाही! वर्ग हसला, मी मात्र खजील झाले. मग वाचल्यावर कळलं, ही गोष्ट खरी असूच शकत नाही. याच कथेत तारांना तशीच वजनं टांगल्याचंही येतं. पण दुप्पट वजन टांगून तारेचा स्वर एक सप्तक चढत नाही, त्यासाठी चौपट वजन लागतं. हे १५८९ मध्ये विन्चेन्झो गॅलिली या वादकाने छापून सांगितलं. हा शास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप बरं का!

मग खरं काय? खरी आहे ती तारेची लांबी. मोनोकॉर्ड नावाचं एकतारी वाद्य पायथागोरसच्या नावाशी जोडलं जातं. एक पेटी, एक तार आणि सरकणारी घोडी. समजा तार ६० सें.मी. आहे आणि तिचा स्वर आपला सा. मग ३० सें.मी. वर तार सप्तकाचा सा, ४० वर पंचम आणि ४५ वर मध्यम मिळतो. म्हणजे १/२, २/३ आणि ३/४! जे कानाला गोड लागतं त्यामागे साधे अपूर्णांक आहेत, हा पायथागोरसच्या परंपरेचा मोठा शोध.

पुढे क्रोटनमध्ये त्याच्या समुदायाला विरोध झाला, त्याला शहर सोडावं लागलं. इ.स.पू. ४९५ च्या सुमारास मेटापोन्टम येथे त्याचं निधन झालं, असं मानलं जातं.

मित्रांनो, हातोड्याची गोष्ट जरूर सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा. सोबत एक फळी, दोन खिळे, गिटारची एक तार आणि मोजपट्टी घ्या. तारेखाली पेन्सिल सरकवत मुलांना स्वतः ऐकू द्या. इतकी शतकं जे फारसं कोणी तपासलं नाही, ते आपल्या वर्गातलं एखादं मूल तपासायला निघालं, तर त्याला थांबवू नका.