चेंडू जमिनीला टेकू न देणारे गुरुजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवेळी एखादे चरित्र असतेच. बहुधा ते एखाद्या संताचे असते, नाहीतर समाजसुधारकाचे, नाहीतर राजमाता जिजाबाईंसारख्या थोर स्त्रीचे. यंदा मी एका व्हॉलीबॉलच्या शिक्षकाचे चरित्र निवडले आहे, आणि तेही जपानातल्या. पुष्कळ भगिनींना याचे नवल वाटेल. पण हिरोबुमी दाइमात्सु या गृहस्थांनी सुतगिरणीत काम करणाऱ्या मुलींना घेऊन जे करून दाखवले, ते स्त्रियांच्या मंडळाने वाचावे असेच आहे. त्यातले सगळेच काही गोड नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

व्हॉलीबॉल आपल्याकडे गावोगाव खेळतात. शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवले आणि जाळे बांधले की झाले. खेळ पाहायला उभे राहिलेल्यांचे डोळे मात्र नेहमी उंच उडी मारून चेंडू हाणणाऱ्यावर असतात. मागच्या ओळीत जो वाकून, पडून तो चेंडू उचलतो, त्याच्यासाठी टाळी वाजत नाही. वास्तविक चेंडू उचललाच नाही तर हाणायला मिळणार कोठून? आपल्या मुलखाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. हिरडस मावळातल्या बांदलांच्या माणसांनी आणि बाजीप्रभूंनी 1660 साली घोडखिंडीत काय केले? कोणता प्रांत जिंकला नाही, कोणता गड घेतला नाही; खिंड राखली, एवढेच. दाइमात्सुंची सारी विद्या या राखण्याची होती.

त्यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1921 रोजी शिकोकु बेटावरच्या कागावा प्रांतात झाला. कान्सेई गाकुइन या शिक्षणसंस्थेत शिकत असताना ते व्हॉलीबॉल खेळू लागले. 1941 साली ते एका मोठ्या कापड कंपनीत नोकरीला लागले. पुढे ही कंपनी निचिबो या नावाने ओळखली जाऊ लागली. पण नोकरीत बूड टेकते न टेकते तोच सैन्यात जावे लागले. चीन, मग ब्रह्मदेश, आणि 1944 साली इंफाळची ती भयंकर मोहीम. याच आघाडीवर समोरच्या बाजूला आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. सांगशाकच्या लढाईत मराठ्यांनी जपान्यांना थोपवून धरले होते. त्या मोहिमेत जपानचे सुमारे 30,000 लोक मेले. गोळीने जितके मेले त्याहून अधिक उपासमारीने, हिवतापाने आणि हगवणीने मेले. दाइमात्सु त्यातून वाचले आणि काही काळ कैदेत काढून मायदेशी परतले. माणसाचे शरीर थकले असे वाटते तेव्हाही त्यात पुष्कळ शिल्लक असते, ही त्यांची समजूत या दिवसांतच पक्की झाली. पुढे मुलींना शिकवताना त्यांनी जे केले, त्यातले बरे आणि वाईट, दोन्हीचे मूळ मला येथेच दिसते.

ओसाकाजवळ कैझुका येथे निचिबोची गिरणी होती. 1954 च्या सुमारास कंपनीने आपल्या निरनिराळ्या गिरण्यांतल्या मुली एकत्र करून तेथे व्हॉलीबॉलचा संघ उभा केला आणि दाइमात्सुंना त्याचे शिक्षक नेमले. त्यांची गिरणीतली नोकरी चालूच होती. मुलींचीही चालूच होती. सकाळी आठ वाजता कामावर हजर व्हायचे, दुपारी चार-साडेचारपर्यंत काम करायचे, आणि मग पटांगणावर उतरायचे ते रात्री बारा वाजेपर्यंत. मोठी स्पर्धा जवळ आली म्हणजे त्याहूनही उशीर होई. वर्षातून सुट्टीचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्या काळी जपानात आणि आशियात इतरत्रही एका बाजूला नऊ खेळाडू घेऊन व्हॉलीबॉल खेळत. नऊ जणांच्या खेळात ज्याची जागा त्याची. पुढचा पुढेच राहतो, मागचा मागेच. युरोपातला खेळ सहा जणांचा, आणि त्यात प्रत्येकाला फिरत फिरत सगळ्या जागांवर यावे लागते. म्हणजे आज पुढे उभी राहून चेंडू हाणणारी मुलगी घटकाभराने मागे जाऊन चेंडू उचलणारी होते. शिवाय तेव्हाच्या नियमाप्रमाणे ज्याच्या हाती सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. समोरच्याने कितीही हाणले आणि आपण चेंडू पडू दिला नाही, तर त्याची सर्व्हिस वाया जाई. रशियाच्या मुली उंच आणि दणकट होत्या, त्यांच्याशी जाळ्यावर बरोबरी करणे जपानी मुलींना अवघड होते. उंची वाढवता येत नाही, पण चेंडू उचलायला शिकवता येते. दाइमात्सुंनी हिशेब मांडला तो असा.

जपानात एक बाहुले असते. त्याच्या तळाशी वजन असते, त्यामुळे ते कसेही आडवे पाडले तरी आपोआप उभे राहते. त्यावरून दाइमात्सुंना एक युक्ती सुचली असे सांगतात. चेंडू लांब पडत असेल तर मुलीने धावत जाऊन अंग जमिनीकडे झोकून द्यायचे, हात पुढे घालून चेंडू उचलायचा, आणि त्याच झोकात खांद्यावरून कोलांटी घेऊन पुन्हा पायांवर उभे राहायचे. नुसते झोकून देणे पूर्वीही होते. पण पडलेली खेळाडू पडूनच राहिली तर पुढच्या चेंडूला तिची जागा रिकामी. कोलांटीने ती रिकामी जागा भरून काढली. सांगायला सोपे आहे. शिकायला मात्र महिनेच्या महिने लागले. खांदे, कंबर, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. दाइमात्सु स्वतः उभे राहून तासन् तास चेंडू फेकत, उजवीकडे एक, डावीकडे एक, मुद्दाम हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर. मुलगी रडू लागली तरी चेंडू थांबत नसे.

लोक त्यांना राक्षस म्हणत. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांतही सरावातून सुटका नसे. या मुलींना पुढे मुले होणार नाहीत असेही पुष्कळांनी म्हटले. ते खोटे ठरले. मला स्वतःला हे प्रकरण वाचताना अंगावर काटा आला. आपल्या मुलीला कोणी असे शिकवू लागले तर आपण तिला दुसऱ्या दिवशी पाठवू का? मी तरी पाठवणार नाही. दुखावलेल्या अंगावर चेंडू मारण्याने धैर्य येते हे मला पटत नाही, आणि जपानातही पुढच्या काळात पुष्कळांना ते पटेनासे झाले. परंतु एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या मुली पुढे वयस्क झाल्यावरही आपण कोणाच्या जबरदस्तीने खेळलो असे मानत नसत. आम्हाला जिंकायचे होते म्हणून आम्ही खेळलो, अशीच त्यांची भूमिका राहिली. नुसत्या गरीब बिचाऱ्या ठरवून त्यांचे कर्तृत्व त्यांच्याकडून काढून घेणे मला बरोबर वाटत नाही.

1960 साली ब्राझीलमध्ये जागतिक स्पर्धा झाली. तीत जपानच्या मुली दुसऱ्या आल्या, रशियाच्या मागे. 1961 साली त्या युरोपच्या दौऱ्यावर गेल्या आणि एकही सामना न हरता परतल्या. तिकडच्या वृत्तपत्रांनी त्यांना पूर्वेकडच्या चेटकिणी असे नाव दिले. चेंडू जमिनीवर पडलाच असे वाटावे, आणि तो पुन्हा वर यावा. चेटूक वाटले तर त्यात नवल नाही. 1962 साली खुद्द मॉस्कोत त्यांनी रशियाला हरवून जगज्जेतेपद मिळवले. 1952 पासून ते रशियाकडून कोणी घेतलेले नव्हते.

आणि येथे खरी अडचण उभी राहिली. दाइमात्सुंना वाटत होते की आता झाले, थांबावे. मुलींनाही तसेच वाटत होते. कर्णधार मासाए कासाई तिशीला टेकली होती, आणि मुलीचे लग्नाचे वय टळले की लोक काय बोलतात हे भोरला काय आणि जपानला काय, सारखेच. पण 1964 साली ऑलिंपिक टोकियोत भरणार होते आणि त्यात प्रथमच व्हॉलीबॉल घेतला होता. स्त्रियांचा कोणताही सांघिक खेळ ऑलिंपिकमध्ये येण्याची ती पहिलीच वेळ. खेळत राहा अशी पत्रे देशभरातून येऊ लागली. शेवटी 1963 च्या आरंभी मुलींनी आपला निर्णय केला, की आणखी दोन वर्षे खेळायचे. मग दाइमात्सुही राहिले. ज्यांना ते आज्ञा करीत त्यांनीच या वेळी त्यांना थांबवून घेतले.

ऑलिंपिकसाठी निवडलेल्या 12 मुलींपैकी 10 एकट्या निचिबो कैझुकाच्या होत्या. साऱ्या स्पर्धेत जपानने एकच सेट गमावला. 23 ऑक्टोबर 1964 रोजी रशियाशी शेवटचा सामना झाला. पहिला सेट 15-11, दुसरा 15-8. तिसऱ्यात जपान 14 वर जाऊन अडकले. एक गुण हवा, तो मिळेना, आणि रशिया हळूहळू 13 पर्यंत चढत आला. शेवटी रशियाच्या खेळाडूचा हात जाळ्यापलीकडे गेला, पंचांनी चूक दिली, आणि सामना संपला. टोकियोच्या भागात दर 100 घरांपैकी 66 हून अधिक घरांत त्या वेळी दूरचित्रवाणीवर हाच सामना लागलेला होता.

कासाईचे लग्न पुढच्याच वर्षी झाले, आणि ते जुळवण्यात पंतप्रधान सातो यांनीही लक्ष घातले! निचिबोच्या मुली 1959 पासून 1966 पर्यंत ओळीने 258 सामने जिंकल्या, त्यातले शेवटचे दाइमात्सुंशिवाय. ते ऑलिंपिकनंतर संघातून निवृत्त झाले होते. 1965 साली चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या निमंत्रणावरून त्यांनी महिनाभर तिकडच्या मुलींना शिकवले. मायदेशात काहींना हे रुचले नसणार, पण विद्या कोणाला शिकवावी याबाबत त्यांनी हात आखडला नाही. 1981 साली चीनच्या मुलींनी जपानात येऊन, जपानला हरवून विश्वचषक नेला. ते पाहायला दाइमात्सु हयात नव्हते. मधल्या काळात 1968 साली ते जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले होते. त्या सहा वर्षांविषयी विशेष लिहावे असे मला काही आढळले नाही.

त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग मला अधिक आवडतो. टोकियोच्या सामन्यानंतर जपानात घरोघरच्या गृहिणी व्हॉलीबॉल खेळू लागल्या. मुले शाळेत गेली की आया शाळेच्याच व्यायामशाळेत जमत. 1970 पासून त्यांची देशभराची स्पर्धाही भरू लागली. त्यात जुन्या पद्धतीप्रमाणे एका बाजूला नऊ जणी असतात, म्हणजे अधिक बायकांना खेळायला मिळते, आणि वय झालेलीला आपली जागा सोडून फिरत बसावे लागत नाही. कासाईंनी लग्नानंतर या आयांच्या खेळासाठी पुष्कळ काम केले. राक्षस म्हणवले गेलेले दाइमात्सुही अखेरच्या वर्षांत गावोगाव जाऊन अशा गृहिणींना चेंडू उचलायला शिकवत. 24 नोव्हेंबर 1978 रोजी ओकायामा प्रांतात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय 57 वर्षांचे होते.