मोटाबेन आणि गिरणीचे फाटक

आमच्या कारखान्यात एकदा संप झाला, तेव्हा कामावर निघालेल्या एका सोबत्याचे फाटकापाशीच डोके फुटले. दगड मारणारा त्याच्याच खात्यातला. दोघे रोज शेजारी बसून डबा खात. मी चार पावलांवर उभा होतो आणि काहीही केले नाही. त्यानंतर मी अनसूया साराभाईंविषयी मिळेल ते वाचत गेलो.

जन्म 1885 चा, अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातला. आईवडील लहानपणीच गेले, तेराव्या वर्षी झालेले लग्न टिकले नाही. 1912 साली त्या विलायतेला गेल्या. परतल्यावर मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. एका सकाळी सलग 36 तास काम करून निघालेल्या, जणू झोपेत चालणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आणि मजुरांचे काम हेच त्यांचे काम झाले. मजूर त्यांना मोटाबेन, म्हणजे थोरली बहीण म्हणत.

1918 साली प्लेगचा बोनस बंद झाला. मजुरांना 35 टक्के वाढ हवी होती, मालक 20 वर अडले. फेब्रुवारीत गिरण्यांना टाळे लागले. मालकांचे पुढारी होते अंबालाल, अनसूयाबेनचे सख्खे धाकटे भाऊ! गांधीजींनी मजुरांकडून शपथ घेतली, तीत दंगा नाही, मारपीट नाही, शिवीसुद्धा नाही. नुसत्या शपथेने काय होते, असे आपण म्हणू. पण अनसूयाबेन आणि शंकरलाल बँकर रोज चाळी पालथ्या घालत, कुणाची चूल पेटली नाही, कुणाचे डोके तापले आहे, याची विचारपूस करत. साबरमतीकाठी बाभळीखाली सभा भरे. 12 मार्चला 20 टक्क्यांवर येणाऱ्यांसाठी फाटके उघडली. दगड उचलला जातो तो अशाच दिवशी. उलट चाळीतून टोमणा आला, की हे मोटारीतून येतात, पोटभर जेवतात, उपाशी आम्ही. तो मनाला लागून गांधीजींनी 15 मार्चला उपास धरला. 18 ला तडजोड झाली. पुढे लवादाने 35 टक्केच दिले.

पण वर्षभरातच, एप्रिल 1919 मध्ये, गांधीजींपाठोपाठ मोटाबेनही पकडल्या गेल्याची खोटी आवई उठली. याच मजुरांच्या शहरात सरकारी कचेऱ्या जळल्या, माणसे मेली. ज्यांनी शिवी न देण्याची शपथ पाळली, त्यांनी तिच्याच प्रेमापोटी हे केले. मला तरी हे पान वाचताना दरवेळी थांबावे लागते.

1920 मध्ये मजूर महाजन उभे राहिले, पहिल्या अध्यक्ष अनसूयाबेन. त्याच साली भांडण फाटकावर येण्याआधी सोडवायला कायमचे पंच नेमले गेले: मजुरांकडून गांधीजी, मालकांकडून मंगळदास गिरधरदास.